गुबायदुलिना बसवायची असेल तर: चेलो आणि अकॉर्डियन वाजवणाऱ्यांसाठी

प्रश्न दोघांचा मिळून आहे. एकजण चेलो वाजवतो, दुसरा अकॉर्डियन. सोव्हिएत काळातल्या संगीतकार सोफिया गुबायदुलिना यांचं ‘इन क्रोचे’ आणि ‘सेव्हन वर्ड्स’ ऐकल्यापासून ते बसवायचं दोघांच्या मनात आहे. सुरुवात कुठून करावी, त्यांना तातार (रशियातला एक तुर्की वंशाचा समाज) संगीतकार म्हणतात तर या संगीतात तातार नेमकं काय आहे, आणि रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येणारे श्वासासारखे, खरवडल्यासारखे आवाज निघतात कसे, असं विचारलंय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. ते आवाज वरून शिंपडलेले ‘इफेक्ट’ नाहीत, एवढं आधी पक्कं करा. बो (गज) घोडीच्या, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या ब्रिजच्या, कुठल्या बाजूला आहे, भाता उघडतोय की मिटतोय, बोट तार दाबतंय की तारेला नुसतं टेकलंय, यावरच या रचनांचा आराखडा उभा असतो. स्वर सगळे बरोबर आले पण बोची जागा चुकली, तर रचना चुकली. हे मान्य केलं की क्रम आपसूक ठरतो. चेलोवाल्याने ‘दहा प्रेल्यूड’ घ्यावेत, अकॉर्डियनवाल्याने ‘दे प्रोफुंदिस’ या एकल रचनेतले तुकडे. मग दोघांनी मिळून ‘इन क्रोचे’, आणि ‘सेव्हन वर्ड्स’ सगळ्यात शेवटी. बरेच जण ‘सेव्हन वर्ड्स’वर थेट उडी मारतात आणि पाचव्या-सहाव्या भागात अडकतात, कारण तिथे लागणारी हातोटी त्या तालमींत शिकायला वेळच उरत नाही.

आता तातारपणाबद्दल. गुबायदुलिनांचा जन्म 24 ऑक्टोबर 1931 रोजी कामा नदीकाठच्या चिस्तोपोल गावी झाला. वडील असगाद हे तातार, जमीनमोजणीचे इंजिनियर, आजोबा मुल्ला, आई रशियन, पेशाने शिक्षिका. बालपण आणि शिक्षण कझानमध्ये. तिथली कॉन्झर्वेटरी 1945 साली निघाली. तिचे पहिले रेक्टर नाझिब झिगानोव म्हणजे ‘जलील’ या ऑपेराचे रचनाकार, आणि 1988 पर्यंत ते त्या पदावर राहिले. सालिह सैदाशेव, ‘शुराले’ हा बॅले लिहिणारे फरीद यारुल्लिन आणि झिगानोव ही तातार अभिजात संगीताची मुख्य वाट. लोकधुनांमधली पाच स्वरांची चौकट (आपल्या कानाला भूप किंवा दुर्गाच्या अंगाने जाणारी) घ्यायची आणि तिच्यावर युरोपीय ऑर्केस्ट्रा उभा करायचा, असं त्या वाटेचं ढोबळ स्वरूप. गुबायदुलिनांनी ती अगदी जवळून पाहिली. 1954 मध्ये कझानचं शिक्षण संपवून त्या मॉस्कोला गेल्या, तिथे निकोलाय पेइको आणि मग विस्सारिओन शेबालिन यांच्याकडे शिकल्या, आणि पुढे त्यांची वाट वेगळीच झाली. तुमच्या या ‘चुकीच्या’ वाटेनेच चालत राहा, हा ज्येष्ठ सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविच यांनी त्यांना दिलेला सल्ला प्रसिद्ध आहे.

उघड तातार धाग्यांच्या दोनच रचना तुमच्या कामाच्या आहेत. 1977 मध्ये दोम्रा (रशियन तंतुवाद्य) आणि पियानोसाठी तातार लोकसंगीताच्या आधाराने केलेले तुकडे, आणि 1992 मधला बायान (रशियन बटणांचं अकॉर्डियन) व दोन डबल बासांसाठीचा ‘तातार नृत्य’. बाकी ठिकाणी ती पाच स्वरांची चौकट शोधत बसू नका, निराशा होईल. कझानशी नातं मात्र तुटलेलं नाही. ‘इन क्रोचे’चा पहिला प्रयोग 1979 मध्ये कझानलाच झाला, चेलोवर व्लादिमिर तोन्खा आणि ऑर्गनवर रुबिन अब्दुल्लिन.

त्याच वर्षी सोव्हिएत संगीतकार संघाच्या अधिवेशनात संघाचे प्रमुख तिखोन ख्रेन्निकोव यांनी सात संगीतकारांवर जाहीर टीका केली. त्यांत एडिसन डेनिसोव होते, गुबायदुलिनाही होत्या. मैफलींची दारं अर्धी बंद असताना घर चालत होतं ते चित्रपटसंगीतावर. 1967 ते 1971 या काळात निघालेल्या सोव्हिएत ‘मोगली’ या कार्टूनपटांचं संगीत त्यांचं आहे. गोष्ट आपल्या शेजारच्या सिवनीच्या जंगलातली, म्हणून आवर्जून ऐका. वाद्यांचे रंग पात्रांना कसे वाटून दिलेत ते तिथे अगदी उघड दिसतं. 1975 मध्ये व्हिक्टर सुस्लिन आणि व्याचेस्लाव आर्त्योमोव यांच्याबरोबर त्यांनी ‘आस्त्रेया’ हा गट काढला. कॉकेशस आणि मध्य आशियातली लोकवाद्यं घेऊन आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचं, हा त्यांचा उद्योग. वाजवणाऱ्याच्या दृष्टीने चरित्रातला सर्वांत उपयोगी तपशील हाच. नाद आधी हातात शोधायचा आणि मग कागदावर उतरवायचा ही सवय प्रत्येक पानावर दिसते. 1992 मध्ये त्या हँबुर्गजवळच्या आपेन गावी राहायला गेल्या आणि 13 मार्च 2025 रोजी तिथेच वारल्या.

चेलोवाल्याचा अभ्यास. ‘दहा प्रेल्यूड’ (1974) तोन्खा यांच्यासाठी लिहिलेले. प्रत्येकाचं नाव म्हणजे वाजवण्याची एक रीत किंवा दोन रीतींची जोडी. पहिला स्टॅकाटो–लेगाटो (तुटक–जोडलेले स्वर) आणि दुसरा त्याच्या उलट. तिसऱ्यात म्यूट लावून आणि काढून, चौथा रिकोशे (तारेवर उसळणारा बो), पाचवा पाँटिचेलो–ऑर्डिनारियो–तास्तो (बो घोडीजवळ–नेहमीच्या जागी–फिंगरबोर्डवर), सहावा हार्मोनिक्स (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेले स्वर). सातवा बोच्या टाचेवर आणि टोकावर, आठवा बोकडून पिझिकाटोकडे (बोटाने तार छेडण्याकडे), नववा पिझिकाटोकडून बोकडे. दहाव्यात बोही नाही आणि पिझिकाटोही नाही. क्रमाने शिकायची गरज नाही. पाचवा आधी घ्या, मग सहावा, मग दहावा; ‘इन क्रोचे’ला लागणारं बहुतेक सगळं या तिघांत आहे.

पाचव्यासाठी घोडी आणि फिंगरबोर्डाचं टोक यांच्यामधल्या जागेचे मनात पाच पट्टे पाडा. मेट्रोनोम 60 वर ठेवून एकाच उघड्या तारेवर आठ ठोक्यांत पहिल्या पट्ट्यापासून पाचव्यापर्यंत जा आणि आठांत परत या. घोडीकडे जाताना बोचा वेग कमी व्हायला हवा आणि वजन वाढायला हवं. बहुतेकांचा वेग आहे तसाच राहतो, म्हणून आवाज शिट्टीसारखा फाटतो आणि मूळ स्वर नाहीसा होतो. पाँटिचेलोत वरचे अंशस्वर चमकले पाहिजेत, पण खालचा स्वर ओळखू येईल इतपत टिकला पाहिजे. दुसरी नेहमीची चूक म्हणजे बो तिरका होणं. जागा बदलायची ती पूर्ण हाताने, मनगट वळवून नाही. समोर आरसा ठेवा.

सहाव्यात हार्मोनिक्स धरत नाहीत अशी तक्रार असते. दोष बहुधा डाव्या हाताचा नसतो. बो घोडीपासून लांब असतो आणि घाबरून हळू चालवलेला असतो. घोडीकडे सरका, वेग वाढवा, वजन काढून घ्या. चौथ्यातल्या रिकोशेला टोकाकडचा तिसरा भाग वापरा. किती उंचीवरून बो सोडता त्यावर उसळी ठरते आणि टोकाकडे गेलात की उसळ्या जलद होतात. वेग बोटांनी ओढून आणायला जाऊ नका.

दहाव्यात डाव्या हाताची बोटं फिंगरबोर्डवर आपटून स्वर काढायचे असतात. बोट मुळापासून उचला आणि सरळ खाली पाडा. इथे एक गोम आहे. बोट आपटलं की घोडीच्या बाजूची तार वाजते आणि नटच्या (तारांच्या वरच्या टोकाच्या) बाजूचा तुकडाही वाजतो, म्हणून दोन स्वर ऐकू येतात. नको असलेला तुकडा मागच्या मोकळ्या बोटाने हलकेच झाकायचा. छोट्या खोलीत हे छान ऐकू येतं, तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात जवळजवळ नाही. मायक्रोफोन लावण्यापेक्षा आदल्या प्रेल्यूडनंतर पुरेसा थांबा घ्या. लोकांचे कान शांत झाले की हा आवाज पोचतो.

अकॉर्डियनवाल्यासाठी आधी कटू बातमी. आपल्याकडे हिंदी चित्रपटसंगीतामुळे रुजलेलं अकॉर्डियन म्हणजे 120 बासचं पियानो अकॉर्डियन, ज्याच्या डाव्या बाजूला तयार कॉर्ड्स असतात. गुबायदुलिनांनी लिहिलं ते बायानसाठी, म्हणजे रशियन बटणांच्या वाद्यासाठी. त्यात डाव्या हाताला कळ फिरवून सुटे स्वर मिळतात. ही सोय नसेल तर ‘दे प्रोफुंदिस’ किंवा ‘सेव्हन वर्ड्स’ पूर्ण वाजणार नाही. कितीही हुशारीने रूपांतर केलं तरी डावी ओळ कोसळते. फ्री-बास किंवा कन्व्हर्टर असलेलं वाद्य लागेलच. मैफलीच्या बायानचं वजन 15 किलोच्या आसपास असतं, त्यामुळे खुर्ची आणि पट्टे यांवर आधी वेळ घालवा. वजन मांड्यांवर यावं, खांद्यांवर नाही.

पेटीवर हात बसलेल्यांना आणखी एक सवय मोडावी लागते. पेटीत बाहेरचा भाता हवा भरतो आणि आतला स्प्रिंगचा भाता ती साठवून बऱ्यापैकी समान दाबाने सोडतो. बायानमध्ये अशी साठवण नाही. भात्याची प्रत्येक हालचाल थेट रीडवर पोचते. सुरांतली कंपनं, चढउतार, श्वास हे सगळं तिथूनच येतं. बायान श्वास घेतं म्हणून आवडतं, असं गुबायदुलिना म्हणत. ‘दे प्रोफुंदिस’ 1978 मध्ये बायानवादक फ्रीडरिख लिप्स यांच्यासाठी लिहिलं गेलं आणि त्यातलं जवळजवळ सगळं भात्यावर चालतं.

त्यातल्या तीन गोष्टी वेगळ्या काढून शिका. पहिली, भात्याचा ट्रेमोलो, म्हणजे भाता झरझर उघडमीट करून स्वर थरथरवणं. भाता चार-पाच बोटांपेक्षा जास्त उघडायचा नाही, खालचा कोपरा जवळपास स्थिर, वरचा कोपरा हलता. डाव्या हाताचा पट्टा घट्ट हवा; सैल पट्ट्यात मनगट आधी मार खातं आणि ठोके विषम होतात. मध्यम आवाजात वीस-तीस सेकंद, मग विश्रांती. हात भरून आल्यावर रेटत राहिलात तर मिटतानाचा ठोका जड आणि उघडतानाचा हलका अशी सवय लागते आणि ती सुटता सुटत नाही.

दुसरी, नुसती हवा. डाव्या अंगठ्याखालचं हवेचं बटण दाबून एकही स्वर न लावता भाता उघडा आणि मिटा. उघडतानाचा आवाज श्वास आत घेतल्यासारखा, मिटतानाचा सोडल्यासारखा. बटण अर्धं दाबलं तर सूं असा अरुंद आवाज येतो, पूर्ण दाबलं तर रुंद. हे स्वरलिपीत लिहिलेल्या लांबीइतकंच टिकलं पाहिजे. ‘वातावरणनिर्मिती’ म्हणून वाढवू नका.

तिसरी, सरकता स्वर. खालच्या सप्तकातला, एकच रीड वाजेल असा रजिस्टर निवडा. बटण पूर्ण दाबून जोरकस दाब तयार करा, मग दाब तसाच ठेवून बटण अतिशय हळू वर येऊ द्या. हवेची वाट अरुंद होते, रीड अडखळते आणि स्वर खाली घसरतो. खाली अर्धा स्वर सहज मिळतो. वरच्या सप्तकात रीड गप्प होते, घसरत नाही. प्रत्येक वाद्याची आणि प्रत्येक रीडची तऱ्हा वेगळी, म्हणून आपल्या वाद्यावर कुठला स्वर किती घसरतो याची यादी करून पानाच्या कडेला लिहून ठेवा. एकाहून जास्त रीड लागल्या असतील तर त्या वेगवेगळ्या वेगाने घसरतात आणि नुसताच गढूळ आवाज होतो. नवशिक्यांचं इथेच बिनसतं.

‘इन क्रोचे’ (1979) मूळ चेलो आणि ऑर्गनसाठी आहे. बायानसाठीचं रूप एल्सबेथ मोझर यांनी केलं. क्रूसावर, क्रूसाच्या आकारात, असे दोन्ही अर्थ नावात आहेत आणि आकार अक्षरशः तसाच आहे. सुरुवातीला चेलो तळाशी आणि ऑर्गन वरच्या टिपेला. दोघं एकमेकांकडे सरकतात, मध्ये छेदतात, आणि शेवटी चेलो वर, ऑर्गन तळाशी. साधारण पंधरा मिनिटांचा कारभार. तालीम मधल्या छेदापासून सुरू करा. पहिल्या पानापासून बसवत गेलात तर मध्याला पोचेपर्यंत दोघांचाही जोर संपलेला असतो आणि सर्वांत मोठी टक्कर फिकी पडते. छेदाचा आवाज आधी ठरवा आणि तिथून मागे मोजत पहिल्या पानावर किती हळू असायचं ते काढा. चेलोच्या सुरुवातीच्या अगदी जवळजवळच्या सरकत्या स्वरांना व्हायब्रेटो लावू नका. सरकणं आणि थरथर एकत्र आले की कुठलंच ऐकू येत नाही.

बायानवर वरची पट्टी टोचते, म्हणून वाजवणाऱ्याने उजवी जाळी थेट श्रोत्यांकडे न करता किंचित आत वळवून बसावं. चेलोवाल्याला भात्याची कड दिसली पाहिजे. एकत्र सुटण्याची खूण तीच. पाइप ऑर्गनवर करायचं ठरलं तर वाद्य आधी पाहून या. मुंबईच्या दमट हवेत सगळे पाइप बोलतील याची खात्री नसते आणि या रचनेत अगदी वरचे आणि अगदी खालचे पाइपच लागतात. डिजिटल ऑर्गन चालेल, पण त्याचे स्पीकर चेलोच्या मागे दोन-तीन मीटरवर ठेवा. सभागृहाच्या भिंतींवरचे वापरलेत तर दोन वाद्यं एका जागी कधी भेटतच नाहीत.

‘सेव्हन वर्ड्स’ (1982) चेलो, बायान आणि तारवाद्यांचा संच यांच्यासाठी, तोन्खा आणि लिप्स यांना अर्पण केलेलं. सात भाग म्हणजे क्रूसावरची येशूची सात वचनं. सोव्हिएत संघात ते छापलं गेलं ‘पार्तिता’ या निरुपद्रवी नावाने, कारण धार्मिक शीर्षक चालणारं नव्हतं. सतराव्या शतकातले जर्मन संगीतकार हाइनरिख श्यूट्झ यांच्या याच विषयावरच्या रचनेतला ‘मला तहान लागली आहे’चा तुकडा यात येतो. तो मूळ रचनेतून आधी ऐका, म्हणजे उद्धृत केलेलं कुठे सुरू होतं ते कळेल आणि तिथे आवाज साधा, सरळ ठेवता येईल.

चेलोवाल्यासाठी यातली कळीची जागा सहाव्याकडून सातव्याकडे जाताना येते. ‘पूर्ण झाले आहे’च्या शेवटी बो घोडीकडे सरकत सरकत घोडीवर पोचतो आणि सातव्या भागात घोडीपलीकडे, शेपटाच्या (टेलपीसच्या) बाजूच्या तारांवर वाजतो. हे ओलांडणं ऐकू यायला हवं. त्यासाठी सी तारेच्या मागच्या तुकड्यावर वुल्फ-एलिमिनेटर (घुमणारा बेसूर दाबणारी छोटी नळी) असेल तर काढून ठेवा किंवा शेपटाच्या अगदी जवळ सरकवा, नाहीतर बो त्याला आपटेल. फाइन ट्यूनर लांब असतील तर जागा आणखी कमी होते. बोचं लाकूड बाहेरच्या बाजूला कलवा, थोडे केस लावा, वेग कमी. पलीकडच्या तारा कुठल्या स्वरात वाजतील ते शेपूट बांधणाऱ्या दोरीच्या लांबीवर अवलंबून असतं. मैफलीच्या आदल्या दिवशी नव्या तारा चढवल्या तर ते स्वर बदलतात. रोझिनची पूड तिथे साचते, तालमीनंतर पुसा, म्हणजे पुढच्या वेळी बो घसरणार नाही.

चेलो म्हणजे पुत्र, बायान म्हणजे पिता, तारवाद्यं म्हणजे पवित्र आत्मा, असा अर्थ सर्रास लावला जातो. कार्यक्रमपत्रिकेत एका वाक्यात द्यायला हरकत नाही. वाजवताना त्याचा उपयोग होत नाही. बायान आवाजाने चेलोला कुठे झाकतं आणि कुठे त्याला आतून धरतं हे स्वरलिपीतल्या खुणांवरून ठरवा.

लांब थांबे आणि मोजणी हा दुखरा भाग राहिलाच. 1980च्या दशकापासून त्यांनी काळाची प्रमाणं फिबोनाची श्रेणीवर बांधायला सुरुवात केली: 1, 2, 3, 5, 8, 13, 21. त्यांच्या 1986च्या बारा भागांच्या सिंफनीत, ‘श्टिमेन... फेरश्टुमेन...’मध्ये, वाद्यवृंद गप्प असताना कंडक्टरने हवेत एकट्याने वाजवायचा एक भाग आहे, तोही याच हिशेबाने. मात्रावृत्तं ठाऊक असलेल्यांना ही श्रेणी नवी नाही. लघु-गुरूंनी ठराविक मात्रा किती प्रकारे भरता येतील ते मोजलं की हेच आकडे येतात. हेमचंद्रांनी बाराव्या शतकात ते मांडलेत. सांगायचा मुद्दा एवढाच की शांततेची लांबीही लिहिलेली असते. पाचचा थांबा घाबरून तीनवर सोडला तर पुढचं प्रमाण बिघडतं. तालमीत थांबे मोठ्याने मोजा, मैफलीत मनात.

ऐकण्यासाठी तुमच्या कामाची तबकडी म्हणजे नॅक्सॉसची, मारिया क्लीगल यांचा चेलो आणि एल्सबेथ मोझर यांचं बायान: ‘सेव्हन वर्ड्स’, ‘इन क्रोचे’ आणि ‘सिलेन्झिओ’ एकत्र मिळतात. त्याबरोबर गुबायदुलिनांचा व्हायोलिन कॉन्चेर्टो ‘ऑफर्टोरियम’ व्हायोलिनवादक गिडोन क्रेमर आणि बॉस्टन सिंफनी यांनी वाजवलेला ऐका. बाखच्या ‘म्यूझिकल ऑफरिंग’मधली धून दोन्ही टोकांनी एकेक स्वर गमावत जाते, एकाच स्वरावर येते, मग पुन्हा भरत जाते आणि शेवटी व्हायोलिनवर उलटी ऐकू येते. स्वरलिपी हातात घेऊन ऐकलंत तर त्यांच्या कामाची पद्धत एका बैठकीत कळेल.

स्वरलिपी सिकोर्स्की प्रकाशनाची घ्या. इंटरनेटवरच्या स्कॅनमध्ये खुणांच्या तळटीपा कापलेल्या असतात आणि बायानचे रजिस्टर, भात्याच्या दिशा, बोच्या जागा तिथेच समजावलेल्या असतात. शिवाय भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात, म्हणजे 2085 अखेरपर्यंत. तिकीट लावून प्रयोग करणार असाल तर परवानगीचं पत्र सभागृह ठरवण्याआधी पाठवा, आणि ‘सेव्हन वर्ड्स’साठी तारवाद्यांचे सुटे भाग भाड्याने मिळायला किती दिवस लागतील तेही त्याच पत्रात विचारा.